विटांचे वकील

भाड्याची खोली मिळावी म्हणून आयुष्यात एकदाच परीक्षा दिली. तीही तोंडी, आणि परीक्षक छडी घेऊन समोर उभे.

नव्याण्णव सालची गोष्ट. मी मालवणकडची. रत्नागिरीच्या एका शाळेत नोकरी लागली आणि खाडीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं म्हणून बघायला गेले. अंगणात सत्तरीचे, उंच, काटकुळे गृहस्थ उभे होते. अंगात बनियन, खांद्यावर पंचा. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगार तर नाहीच नाही. छडीने भिंत दाखवली आणि म्हणाले, "बाई, ह्या भिंतीत एक दार आहे. दाखवा."

भिंत सरळसोट विटांची होती. दार कुठलं दिसायला. पण मला चिडवलं की मी हट्टाला पेटते. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेले. विटा एकीवर एक ठेवताना सांधे कधी एका रेषेत येत नाहीत, खालच्या दोन विटांच्या मधोमध वरची वीट बसते, एवढं मलाही ठाऊक होतं. चालता चालता एके ठिकाणी दिसलं की सांधे एकाखाली एक सरळ उतरलेत, उसवलेला परकर शिवल्यासारखे. तीन हात पुढे तसाच आणखी एक सांधा. मी मधल्या जागेवर हात ठेवला.

"खोली तुमची," काका म्हणाले. "भाडं काय ते आमच्या हिला विचारा. मला त्यातलं कळत नाही."

त्यानंतर पाऊण तास त्यांनी मला घर दाखवलं. घर म्हणजे खोल्या नव्हेत, भिंती. खोल्यांत मोरी आहे का, पाणी किती वाजता येतं, हे मला शेवटी काकूंनी सांगितलं.

हे घर म्हणजे गावात एक नवल होतं, ते का हे सांगायला हवं. आमच्या कोकणात घर म्हणजे चिऱ्याचं. जमीन चार हात खणली की जांभा लागतो, तो तासून काढला की चिरा होतो, आणि चिऱ्यावर चिरा ठेवला की घर उभं राहतं. गड चिऱ्याचे, देवळं चिऱ्याची, विहिरी आणि गडगेसुद्धा चिऱ्याचे. अशा गावात एका माणसाने विटेचं घर बांधलं, ते काकांचे आजोबा. ते घाटावर कुठेशी नोकरीला होते. तिथली विटेची घरं त्यांच्या मनात भरली. परत आले ते वीटभट्टीवाली दोन कुटुंबं बरोबर घेऊनच. खाडीकाठची माती आणली, शेतात भट्टी लावली, आणि सगळा गाव करमणूक म्हणून बघायला आला.

काकू हीच गोष्ट एका वाक्यात सांगायच्या. "सगळा गाव पायाखालचा दगड काढतो नि घर बांधतो, आमचे आजेसासरे तेवढे घाटावरनं डोक्यात वीट घेऊन आले."

त्या आजोबांनी आणखी एक गंमत केली होती. घाटावरच्या ज्या घरावर त्यांचा जीव जडला होता त्याचं दार पश्चिमेला होतं, म्हणून यांनीही दार पश्चिमेला काढलं. पश्चिमेला समुद्र. पहिल्याच आषाढात पाऊस दारातून शिरला तो माजघर ओलांडून थेट देवघरात. देव पाण्यात ठेवायची वेळच आली नाही, ते आपणहून गेले. मग ते दार विटांनी बुजवून टाकलं, पूर्वेला नवं दार फोडलं, आणि घराने गल्लीकडे पाठ फिरवली. तेव्हापासून आलागेला माणूस परसातून आत येतो आणि जिथे तुळस असायची तिथे न्हाणीघर आहे. मी परीक्षेत ओळखलं ते हेच बुजवलेलं दार.

काका कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती तरी कोर्ट त्यांच्या अंगातून उतरलं नव्हतं. घरातल्या विटा म्हणजे त्यांचे साक्षीदार. पोस्टमन असो, गॅसचं सिलिंडर आणणारा असो, नाहीतर वर्गणी मागायला आलेली मंडळी असोत, प्रत्येकाला आधी साक्षी ऐकाव्या लागत. "ही वीट बघा. हिच्यावर कुत्र्याचं पाऊल आहे. ओल्या विटा उन्हात घातल्या तेव्हा कुत्रं वरून गेलं. म्हणजे त्या दिवशी राखणदार झोपला होता. आता ही बघा. पाच बोटं. आमच्या वडिलांची. वय वर्षं दोन."

"मागच्या खेपेस तीन होतं," आतून काकू म्हणायच्या.

"सरतपासणीत व्यत्यय नको."

"मग पुढची तारीख द्या. जेवणं व्हायच्येत."

काकूंचा त्या घरावर राग होता, आणि तो खराच होता. वीट पाणी पिते. पावसाचे चार महिने पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधूनसुद्धा आतल्या खोलीत ओल यायची. गाद्यांना वास, पापडांना बुरशी, काकूंच्या गुडघ्यांना कळ. सिमेंटचा गिलावा करू द्या, असं त्या चाळीस वर्षं सांगत होत्या आणि काका चाळीस वर्षं म्हणत होते की साक्षीदाराचं तोंड बांधता येत नाही. मुलगा डोंबिवलीला. त्याचा तिथे चांगला तीन खोल्यांचा ब्लॉक, आणि तो दर फोनला म्हणायचा, या इकडे. काकूंनी एक बॅग भरून कपाटावर ठेवली होती. "माझी तयारी आहे," असं त्या मला सांगायच्या. "हे निघत नाहीत म्हणून. मी मेली एकटी जाऊन काय करू?"

माझं आणि काकांचं मात्र पहिलं वर्षभर जमलं नाही. कारण दारावर लावलेला कागद. काकांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात भाडेकरूंसाठी हुकूम लिहून ठेवला होता: "सदर इमारतीत मासे शिजविणे, तळणे, वाळविणे अथवा त्यांचा वास येऊ देणे यास सक्त मनाई आहे. सदर इमारतीने बांधल्यापासून आजतागायत मासा पाहिलेला नाही. सबब कळावे."

आता मालवणच्या मुलीला माशाशिवाय ठेवायचं म्हणजे काय ते मालवणच्या माणसालाच कळेल. मी शाळेतल्या एका मैत्रिणीकडे रविवारी जेवायला जायची, पण आठवड्यातून एक रविवार कुठे पुरतो. एकदा आईने पाठवलेली सुकट होती. काका-काकू लग्नाला गेलेत असं बघून खिडक्या लावल्या, कांदा घालून चमचाभर सुकट परतली, वर उदबत्त्या लावल्या. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी काका माझ्या दारात.

"बाई, शेजारचं मांजर दोन दिवस तुमच्या उंबऱ्यावर बसून आहे."

"मग मी काय करू?"

"काही नाही. ते तुमच्याकडे बघत होतं, मी त्याच्याकडे बघत होतो. साक्षीदार विश्वासार्ह वाटतो." एवढं बोलून निघून गेले. खोली सोडा म्हणाले नाहीत, ओरडलेही नाहीत. मला इतका राग आला की ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाने मात्र सगळ्यांचीच परीक्षा घेतली. गणपतीनंतर झाप सोडले तेव्हा दिसलं की पश्चिमेच्या भिंतीला पोट आलंय. बुजवलेल्या दाराच्या सांध्यांतून पाणी आत मुरत गेलं होतं आणि तिथल्या विटा बाहेर सरकल्या होत्या. काका रोज सकाळी ओळंबा लावून बघायचे. दिवाळीच्या सुमारास नगरपालिकेतून एक तरुण इंजिनीअर आला. त्याने भिंत सगळीकडून पाहिली, काकांच्या साक्षी शांतपणे ऐकून घेतल्या, आणि लाल रंगाने भिंतीवर फुली मारली. पोरगा चांगला होता. त्याने समजावून सांगितलं की मृगाच्या आधी भिंत नीट झाली नाही तर घर रिकामं करावं लागेल. आजूबाजूला वस्ती आहे, त्याचा नाइलाज होता.

त्या संध्याकाळी डोंबिवलीचा फोन आला. मुलगा म्हणाला, झालं ते बरंच झालं, मी न्यायला येतो. काकांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मीही तिथेच होते. लाल फुलीकडे बघत म्हणाले, "बाई, डोंबिवलीत मी काय करणार? तिथे मला कोण विचारणार की ह्या भिंतीत काय आहे?" त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची माया वाटली.

कंत्राटदार आला. म्हणाला, सिमेंट भरतो, बाहेरून सिमेंटचे दोन धिरे देतो, आठ दिवसांचं काम. काकूंना ते पटलं. काकांनी मात्र खाडीपलीकडच्या भाट्याहून एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावून आणलं. हे गवंडीबाबा ऐंशीच्या पुढचे, हात थरथरायचे, पण भिंतीला हात लावला की थरथर थांबायची. त्यांनी विटेवर थापटी वाजवून पाहिली. म्हणाले, "शिमिट घातलंव तर दोन वरसांत ईट फुगंल नि खपल्या पडतील. ही भित चुन्यातली हाय. तिला चुनाच व्हया."

"चुना आणतो की दुकानातून," काका म्हणाले.

"पिशवीतला? त्यो रंग देवाक. भित जोडाक नाय." मग बाबांनी एक सैल वीट अलगद काढली, तिच्या पाठीचा चुना खरवडला, आणि बोटाच्या पेरावर काहीतरी घेऊन काकांच्या तळहातावर ठेवलं. नखाएवढा पांढरा तुकडा, त्यावर बारीक रेघा. मला लांबूनच कळलं. मी काही बोलले नाही, तशी संधी परत कुठे मिळणार होती.

"हे काय?" काका म्हणाले.

"तिसरी."

"कसली तिसरी?"

"तिसऱ्या वो. खातात त्या. त्येंच्याच शिपल्या भाजून चुना करीत. ह्यो तुकडा भाजायचा ऱ्हायलेला."

काकांनी मान हलवली. "वाळूतून आलं असेल. वाळू समुद्राची आहे."

बाबांनी आणखी एक वीट काढली. मग आणखी एक. प्रत्येक विटेच्या पाठीवर दोनचार पांढरे ठिपके होतेच. "सगला घर शिपल्यांवर हुबा हाय," बाबा म्हणाले, आणि त्यात त्यांना विशेष काही वाटलं नाही.

काकू पायरीवर उभ्या होत्या. त्या आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग पदर सोडून हसल्या, आणि शेवटी त्यांना पायरीवर बसावं लागलं. "ऐकलंत का," त्या म्हणाल्या, "घराने मासा बघितलेला नाही म्हणे. मी नवी सून असताना कोळणीची सावली पडली म्हणून सासऱ्यांनी मला सगळी ओटी धुवायला लावलंनी होतं."

काका आत गेले. रात्री नुसतं दूध घेऊन झोपले, असं काकूंनी सांगितलं. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन मोडलं. घराबद्दल त्यांनी एवढं सांगितलं होतं आणि मुळातलीच गोष्ट त्यांना माहीत नव्हती. मला सुकटीचा सूड मिळाला होता पण तो गोड लागेना.

सकाळी सातला माझं दार वाजलं. काका उभे, आणि अंगात चक्क कोर्टात घालायचा काळा कोट. खाली धोतर, हातात दारावरचा तो हुकूम. कागद त्यांनी माझ्यासमोर उभा फाडला आणि निकाल वाचल्यासारखं म्हणाले, "बाई, पुरावा समोर आल्यावर तो मान्य करावा लागतो. शंभराच्या वर वर्षं ह्या घराने तिसऱ्यांच्या आधाराने ऊन-पाऊस काढलं. त्याच घरात तिसऱ्यांना बंदी घालणं हे न्यायाला धरून नाही. सबब मनाई रद्द. आता एक विचारतो. एका रविवारी तुम्ही किती तिसऱ्या खाऊ शकाल?"

मी दार धरून हसत सुटले. ते हसले नाहीत, त्यांना खरोखरच आकडा हवा होता.

त्यानंतर जे चार महिने गेले तसे मजेचे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. काकांना शिंपल्या हव्या होत्या, आणि त्याही पोत्यांनी. ज्या माणसाने जन्मात मासळी बाजाराकडे पाहिलं नव्हतं तो दर रविवारी नाकाला पंचा लावून लोकांच्या परसदारी उभा राहायला लागला. "आज तुमच्याकडे तिसऱ्या आहेत असं समजतं. शिंपल्या टाकू नका." लोकांना आधी वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग कारण कळलं आणि गल्लीचा नूरच पालटला. ज्यांच्याकडे कधीमधी तिसऱ्या व्हायच्या त्यांच्याकडे आता निमित्त काढून व्हायला लागल्या. नवरे बायकांना सांगायचे, घर वाचवायचंय, आज तिसऱ्याच कर. माझ्या वर्गातल्या मुली दप्तरातून शिंपल्या आणायच्या आणि सगळ्या वर्गाला समुद्राचा वास यायचा. कोळीण तर पहिल्यांदा आमच्या कुंपणाच्या बेड्यापाशी काकांनी हाक मारली तेव्हा मागे वळून बघायला लागली, आपल्यालाच बोलावतायत ना म्हणून.

काका हळूहळू जाणकार झाले. तिसरीपेक्षा कालवाची शिंपली जाड, तिचा चुना जास्त. खाडीतल्या मुळ्यांच्या शिंपलीला चिखल फार. तोंडात एकही न घालता हे सगळं ते कोळणीला ऐकवायचे. ती पदराआडून हसायची आणि दोन मुठी जास्त टाकायची.

काकूंनी मात्र अटी घातल्या होत्या. शिजवायचं ते मी माझ्या मागच्या खोलीतल्या चुलीवर, भांडी माझी, आणि शिंपल्या सात पाण्यांतून धुतल्याशिवाय अंगणात यायच्या नाहीत. पहिल्या रविवारी मी तिसऱ्या करायला घेतल्या आणि बघते तर दाराबाहेर काकू, नाकाला पदर. "खोबरं भाजून घेतलंस का गो?" मी म्हटलं, घेतलं. "दाखव. हे भाजलेलं? हे नुसतं ऊन लागल्यासारखं दिसतंय. नि वाटण किती जाडं. आण इकडे." माझा पाटा बाहेर ओढून त्यांनी स्वतः वाटण वाटून दिलं, पदर तसाच नाकाला. तिसऱ्यांकडे बघितलंसुद्धा नाही. पुढे दर रविवारी वाटण त्याच वाटायच्या. तसं तिखलं मी आईच्या हातचंही खाल्लेलं नाही, आणि हे मी आईला कधी सांगितलं नाही.

माघात परसात गोल भट्टी रचली, आणि तीही चिऱ्यांची. हे बघून गल्लीतल्या लोकांनी काकांना फार छळलं. एक थर नारळाची सोडणं आणि कोळसा, एक थर शिंपल्या, असं वरपर्यंत. दोन दिवस धूर होता. भट्टी निवल्यावर पांढऱ्याफेक ठिसूळ शिंपल्या बाहेर काढल्या, बाबांनी त्या हौदात घातल्या आणि वर पाणी मारलं. पाणी पडल्याबरोबर हौद फसफसायला लागला, वाफा निघाल्या, उकळ्या फुटल्या. काका हौदाभोवती फेऱ्या मारत होते. "बाई, बघा, विस्तवाशिवाय उकळतंय. बघा हो." सत्तरी ओलांडलेला माणूस इतका आनंदलेला मी त्याआधी बघितला नव्हता. मलाही तसाच आनंद झाला होता.

चुना महिनाभर मुरला. शिमगा झाल्यावर बाबांनी आढ्याखालच्या तुळईला टेकू दिले आणि भिंतीचा पोट आलेला भाग उतरवायला घेतला. काकांची अट होती की प्रत्येक वीट होती तिथेच परत जायला हवी. म्हणून त्यांनी उतरवलेल्या प्रत्येक विटेवर खडूने नंबर घातला, वहीत भिंतीचं चित्र काढलं, आणि सगळ्या विटा अंगणात ओळीने मांडून ठेवल्या. एवढं करून ते दुपारी जरा आडवे झाले.

काकूंनी अंगणात बघितलं. एवढ्या विटा, जुन्या चुन्याने माखलेल्या, वर पांढरे फराटे. गवंडीबाबांना तेवढीच मदत, म्हणून त्यांनी काथ्या घेतला आणि गुडघे दुखत असताना सगळ्याच्या सगळ्या विटा घासून धुतल्या. मी शाळेतून आले तेव्हा विटा उन्हात लाल लखलखीत वाळत होत्या आणि काका खुर्चीत बसून वहीकडे बघत होते.

"स्वच्छ झाल्या ना?" काकू म्हणाल्या. काकांनी त्यांच्या भिजलेल्या लुगड्याकडे आणि सोललेल्या बोटांकडे पाहिलं. "फार छान झाल्या," ते म्हणाले.

पुढचे तीन दिवस ते एकेक वीट हातात घेऊन तिची जागा आठवत होते. निम्म्या विटांबद्दल ते छातीठोक सांगायचे, आणि बाबा मुकाट्याने त्या हाताला येतील तशा लावायचे. काकांना ते दिसत होतं. त्यांनी फक्त छडी पाठीमागे धरली. चुन्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा पडत होता, अंगणाला पाकाचा वास येत होता, मुंगळे आमच्या घरावर चाल करून येत होते. चैत्र संपता संपता भिंत पुरी झाली. या खेपेला बुजवलेल्या दाराचे सांधे बाबांनी बाजूच्या विटांत नीट गुंतवून घेतले. दार ओळखू येईनासं झालं. काकांना वाईट वाटलं असणार, पण त्यांनी ते होऊ दिलं.

चुना वाळायला वेळ घेतो. टेकू तसेच ठेवले होते. मृगाला आठ-दहा दिवस उरले तेव्हा इंजिनीअर आला. त्याने ओळंबा लावला, भिंत ठोकून पाहिली, समाधानाने मान हलवली. पण म्हणाला, खरं काय ते टेकू काढल्यावर कळेल. आत्ता सगळा भार टेकूंवर आहे. भिंतीने भार घेतला तर फुली पुसतो. नाही घेतला तर मला काही करता यायचं नाही. आणि काढताना सगळ्यांनी दहा पावलं लांब उभं राहायचं.

गल्ली गोळा झाली होती. शेजारीपाजारी, कोळीण, ज्यांनी ज्यांनी म्हणून तिसऱ्या खाल्ल्या होत्या ते सगळे. चुकून डोंबिवलीचा मुलगाही त्याच दिवशी गाडी घेऊन आला होता. चुकून नव्हे, त्याला वाटलं होतं की न्यावंच लागणार. सगळे लांब उभे राहिले. बाबा हातोडी घेऊन पहिल्या टेकूच्या पाचरेपाशी गेले.

काका आत गेले आणि आपली खुर्ची घेऊन आले. ती त्यांनी भिंतीला अगदी चिकटवून ठेवली आणि भिंतीला पाठ लावून बसले.

"आजोबा, लांब व्हा," इंजिनीअर म्हणाला. "नियम आहे."

"मी शिरस्तेदार होतो, नियम मला सांगू नका. चुना माझा, विटा माझ्या. मीच लांब उभा राहिलो तर भिंतीने कोणाच्या भरवशावर उभं राहायचं?"

मुलगा दोनदा हाका मारून गेला, हाताला धरून ओढून झालं. काका उठेनात. बाबांची हातोडी अर्ध्यावर थांबली, त्यांनाही धीर होईना. काका विटांखाली सापडलेले मला डोळ्यांसमोर दिसायला लागले आणि मी काकूंना शोधायला लागले, की आता त्याच काही म्हणतील.

काकू घरातून आल्या. एका हातात पाट, एका हातात सूप, सुपात मोड आलेले वाल. त्या कुणाकडे न बघता तशाच भिंतीपाशी गेल्या, काकांच्या खुर्चीशेजारी पाट टाकला, दुखरे गुडघे सावकाश मुडपून बसल्या, आणि पाठ भिंतीला टेकली.

"आई," मुलगा ओरडला, "तू तरी."

"काय तू तरी?" काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षं शिव्या घातल्येत मी ह्या भिंतीला. ती पडायची असेल तर यांना एकट्याला कशी घेईल?" मग सूप त्यांनी अर्धं काकांच्या मांडीवर सरकवलं. "नुसते बसलायत ते वाल सोला. नि हो, बाबा, तुम्ही मारा आता."

बाबांनी पाचर मारली. पहिला टेकू सुटला, मग दुसरा, मग तिसरा. आढं एकदा कुरकुरलं आणि गप्प झालं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, इंजिनीअरने रंगाचा डबा मागितला, कोळीण रडायला लागली. मी पण रडले, आणि लोकांसमोर रडायची मला लाज वाटते तरी रडले. काका-काकू मात्र तशीच बसून होती. सूप रिकामं होईपर्यंत ती उठली नाहीत.